शत्रूचं माप

१

एखादं माणूस कमी व्हायला लागलं तर ते आधी कशावरून कळतं, सांगाल मला? वजनाचं नाही म्हणत मी. वजन काय, काट्यावर उभं राहिलं की दिसतं.

मी शिवणकाम करते. घराची पुढची खोली हेच दुकान. खिडकीशी मशीन, मधोमध कापायचं टेबल, कोपऱ्यात पडदा ओढून केलेली कपडे घालून बघायची जागा. दाराशी मावशी बसते. नात्याने ती कुणाची मावशी नाही, पण काजं-बटणं आणि हातशिलाई करता करता सगळ्या गिऱ्हाइकांची मावशी झालीय. सुई चालते तेवढंच तिचं तोंडही चालतं.

शिवण मला सासूबाईंनी शिकवली. कापड वाया गेलं तरी त्या कधी रागावल्या नाहीत, पण एक गोष्ट मात्र बजावून सांगितली होती. घरच्या माणसाच्या अंगाला टेप लावायची नाही. त्याचा नीट बसणारा एखादा जुना कपडा टेबलावर पसरायचा आणि त्यावरून कापायचं. का, ते त्यांनी सांगितलं नाही, आणि सासूला ‘का’ म्हणून विचारायची माझी छाती नव्हती. मी पाळत आले, एवढंच.

मला एकच मुलगी. तिचे बाबा ती लहान असतानाच गेले. लवंगी हे लाडाचं नाव त्यांनीच ठेवलेलं, आणि लवंगी मिरचीसारखीच ती निघाली. हसताना नाकातून फुर्र करायची आणि मग त्या आवाजालाच पुन्हा हसायची. दार म्हणून कधी हाताने लावलं नाही. हात रिकामे असले तरी टाचेने ढकलायची, चौकट हादरायची. जन्मापासून तिचा डावा खांदा जरा उतरता. तिच्या प्रत्येक कपड्यात त्या खांद्याला आतून मी कापडाची एक घडी घालत असे, म्हणजे बाहेरून सरळ दिसावं.

ती कॉलेजात गेली आणि आमच्या घरात शत्रू आला. म्हणजे माणूस नाही आला, त्याच्या गोष्टी आल्या.

वक्तृत्वाची स्पर्धा होती. लवंगी भाषण कधी लिहून काढत नसे, भांडी घासता घासता मनात जुळवायची. त्या दिवशी तिच्या आधी एका मुलाचा नंबर होता. तो उठला आणि त्याने हिचं भाषण केलं. तेच शब्द, तेच दाखले, ही जिथे श्वास घेते तिथेच श्वास. मागून ही उभी राहिली तर परीक्षक म्हणाले, दुसऱ्याचं उचलू नये.

“मग? ऐकून घेतलंस?” मी विचारलं.

“जिन्यात गाठला त्याला. जेवणाचा डबा हाणला कपाळात.”

“डबा?”

“भरलेला होता. म्हणून तर लागला.”

मावशी म्हणाली, “अगं, आधी खाऊन तरी घ्यायचंस. अन्न वाया घालवलंस त्या मेल्यावर.”

लवंगी फुर्र करून हसली. मी म्हटलं, पण लिहिलेलंच नव्हतं, तर त्याला कळलं कसं?

“तेच तर, आई!” ती म्हणाली, आणि तिचं हसू मध्येच थांबलं.

कुठल्या तरी मैत्रिणीला म्हणून दाखवलं असेल, अशी मी माझी समजूत घातली.

२

त्यानंतर रोज संध्याकाळी शत्रू आमच्या ताटापुढे असायचा. आज शत्रूने वर्गात हिचा प्रश्न हिच्याआधी विचारला. आज शत्रू हिच्या बाकावर बसला. आज शत्रू हिच्या मागून जिना चढत होता, आणि त्याच्या पावलांचा आवाज हिच्यासारखा येत होता. ती दात-ओठ खाऊन सांगायची, आणि जेवण गार व्हायचं. एखाद्या दिवशी शत्रूचं नाव निघालं नाही तर मावशीच विचारायची, “का गं, आज मेला की काय?”

शेवटच्या वर्षी त्यांच्या सरांनी दोघांना एका वादविवाद स्पर्धेसाठी जोडीने उभं केलं. दोघं मंचावर भांडली आणि कप जिंकून आली. कप घरी आला, आणि पाठोपाठ लवंगी म्हणाली, “आई, उद्या शत्रू चहाला येतोय.”

“डबे लपवा गं,” मावशी म्हणाली.

तो आला. उंच, स्वच्छ, बोलणं बातम्या वाचल्यासारखं. मला काकू म्हणाला, मावशीला मावशी. कपाळावर डब्याचा व्रण होता. चहा पिता पिता लवंगीने अंगठ्याने तो व्रण चाचपला आणि त्याने डोळे मिटले. मी नजर वळवली. काहीतरी उघडं बघितल्यासारखं झालं मला.

तो गेल्यावर मी तिला म्हटलं, “अगं, ज्याने तुला चारचौघांत चोर ठरवलं, तो?”

ती जमिनीकडे बघत म्हणाली, “आई, त्याच्याइतकं माझ्याकडे कुणी बघितलंच नाही गं. मी कुठे थांबते, कशाला चिडते, पाणी कसं पिते, सगळं त्याला पाठ आहे. मित्र इतकं बघत नाहीत. शत्रूच बघतो.”

खोटं नव्हतं ते. तिचे बाबा गेल्यापासून मी मशीनकडेच जास्त बघत आले होते.

पुढच्या खेपेला मी त्याच्यासाठी शर्ट शिवायला घेतला. तो काही घरचा नव्हता तेव्हा, म्हणून टेप लावली. आणि माझा हात थांबला. हे बघा, कुठलंच अंग दोन्ही बाजूंनी सारखं नसतं. एक हात तसूभर लांब असतो, एक खांदा पुढे असतो, ओझं उचलणाऱ्याची पाठ एका अंगाला कललेली असते. इतकी वर्षं मापं घेतली, सरळ माणूस एकही भेटला नाही. याचं डावं-उजवं तंतोतंत एक होतं. खांदे, बाह्या, बगलेतले मुंढे, सगळं. असं अंग मी दुकानांच्या काचेत उभ्या केलेल्या पुतळ्यांचं पाहिलं होतं.

“कापायला सोपा जावई मिळाला तुला,” मावशी म्हणाली. “नशीब काढलंस.”

३

दोघांचं शिक्षण संपलं, दोघांना इथेच नोकऱ्या लागल्या. शत्रूचं येणं-जाणं वाढलं. लग्न नोंदणी पद्धतीने करायचं ठरलं. त्यानंतर लगेच त्याची दुसऱ्या गावी बदली होती, दोघं तिकडे जाणार होती.

एक दिवस तोच पहिला शर्ट घालून तो आला. शर्टाला डाव्या खांद्यावर चुणी पडत होती. शिवताना मी चुकले असं वाटून मी जवळ गेले, बोटाने चाचपलं. शर्ट बरोबर होता. खांदा उतरला होता.

“एकाच खांद्यावर बॅग घेतोस का रे?”

“नाही, काकू.”

मी हात मागे घेतला. पण तो उतार माझ्या बोटांना ओळखीचा होता. एवढ्या वर्षांत हजारदा त्या उतारावर मी घडी घातली होती.

त्याच आठवड्यात मी लवंगीचा ड्रेस पूर्ण केला. नेहमीसारखा जुन्या ड्रेसवरून कापलेला, खांद्याला घडी घातलेला. तिने अंगात घातला तर डावा खांदा फुगून वर आला. मी घडी उसवली. ड्रेस सरळ बसला, काचेतल्या पुतळ्याला बसावा तसा.

“बरं झालं की गं,” मावशी म्हणाली. “वयाबरोबर सुधारतं काही काही.”

मीही तसंच म्हटलं मनाला. नोकरीत खुर्चीवर ताठ बसावं लागतं, त्याने झालं असेल.

मग एका दुपारी मी मशीनवर होते, आणि मागच्या खोलीतून लवंगीचं हसू आलं. फुर्र, आणि त्यावर पुन्हा हसू. बऱ्याच दिवसांनी ऐकलं म्हणून मी काम टाकून उठले. खोलीत शत्रू एकटाच बसला होता, हातात वर्तमानपत्र. माझ्याकडे बघून त्याने तोंड मिटलं.

“लवंगी कुठाय?”

“आत, काकू.”

ती स्वयंपाकघरात ओट्याशी उभी होती, पाण्याचा नळ चालू सोडून. वाहणाऱ्या पाण्याकडे बघत होती. मी नळ बंद केला. ती म्हणाली, “हं.” बातम्या वाचल्यासारखं.

४

“प्रेमात माणसं एकमेकांसारखी होतातच,” मावशीने दोरा दाताने तोडत म्हटलं. “माझा नवरा माझ्यासारखा घोरायला लागला होता.”

“एकमेकांसारखी होतात ना? मग ही कुणासारखी झालीय, सांग.”

मावशीची सुई थांबली.

लवंगी आता दार हाताने लावायची. कडीचा आवाजही होत नसे. ती घरात आहे की नाही हे बघायला मला उठून जावं लागायचं. गल्लीतली माणसं म्हणायची, मुलगी किती शांत झाली, छान वळण लागलं. मला ते वळण बघवत नव्हतं.

मी तिच्याशी भांडण काढायला लागले. हसाल तुम्ही. जन्मभर जिला ‘जरा हळू बोल’ म्हणून दटावलं, तिनेच ओरडावं म्हणून मी तिच्या जेवणात मूठभर मीठ टाकलं. तिने सगळं खाल्लं. तिच्या आवडीचा ड्रेस मी मुद्दाम कात्रीने फाडला आणि तिच्यापुढे धरला.

“बघ काय केलं मी. बोल ना काहीतरी.”

“असू दे, आई.”

“असू दे काय? भांड माझ्याशी! तुझ्या बापाने काय नाव ठेवलंय तुझं?”

ती विचारात पडली. खरंच विचारात पडली हो, आठवत असल्यासारखी. मग म्हणाली, “त्याला विचारून सांगते.”

मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले. थट्टेचा मागमूसही नव्हता.

मी तिला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी डोळे बघितले, छाती बघितली, लग्न जवळ आलं की मुली अशा होतात म्हणाले, आणि ताकदीच्या गोळ्या दिल्या.

५

एवढं झाल्यावर मी एकच करू शकत होते. तिला त्याच्यापासून लांब न्यायचं. माझी बहीण दुसऱ्या गावी असते. तिच्याकडे चार दिवस जाऊन येऊ, असं सांगून मी सकाळीच लवंगीला घेऊन निघाले. शत्रूला कळवलं नाही.

बसमध्ये ती खिडकीशी बसली. गाव मागे पडलं तशी मला आशा वाटायला लागली. मी तिच्या लहानपणच्या गोष्टी काढल्या, डब्याची गोष्ट काढली. ती ऐकत होती असं मला वाटलं. मग रस्त्यात खड्डा आला, बस उसळली, आणि तिचं डोकं खिडकीच्या गजावर आपटलं. तिने डोक्याला हात लावला नाही. मी तिच्याकडे नीट बघितलं. डोळे उघडे होते. दोन्ही हात मांडीवर, एकासारखा एक, जसे कुणी ठेवले तसे. मी नाव घेऊन हाक मारली. चिमटा काढला. छातीवर हात ठेवला तर श्वास होता, पण फार लांबून येत होता.

मी ओरडून बस थांबवली. कंडक्टर म्हणाला, “बाई, पोरीला ऊन लागलंय, पाणी पाजा.” पाणी हनुवटीवरून खाली ओघळलं.

मिळेल त्या गाडीने मी तिला घेऊन परत फिरले. तिला चालवत होते म्हणजे काय, उभी केली की ती उभी राहत होती, ओढली की येत होती. आईचा जीव कसा असतो बघा, माझ्या मनात एकच धावा चालला होता, तो घरी असू दे, तो घरी असू दे. ज्याच्यापासून तिला पळवून नेलं, त्याचाच धावा.

तो घरीच होता. मावशीसमोर खुर्चीत बसला होता.

“आई! इतका उशीर? भूक लागलीय मला!” तो म्हणाला.

काकू नाही, आई. आणि तो उठून आला, लवंगीचा हात त्याने माझ्या हातातून घेतला, आणि आमच्या मागचं दार टाचेने ढकललं. चौकट हादरली. मावशीच्या हातातली डबी पडून बटणं खोलीभर पसरली.

लवंगीने त्याच्या खांद्याला डोकं टेकलं. हळूहळू तिच्या ओठांवर रंग आला. “पाणी,” ती म्हणाली.

मावशी दुसऱ्या दिवसापासून आली नाही. तब्येत बरी नाही, असा निरोप आला.

६

लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी दोघं कपडे घालून बघायला आली. त्याचा कोट, तिचा ड्रेस. खिडकीतून टेबलावर ऊन पडलं होतं. मी कात्री, खडू, टाचण्या काढल्या, आणि टेप गळ्यात अडकवली.

“लवंगे, इकडे ये,” मी म्हटलं. “हात जरा लांब धर.”

सासूबाईंचा शब्द मी तेव्हा मोडला. मला दुसरा मार्ग दिसत नव्हता. आजवर जुन्या कपड्यांवरून कापत आले आणि कपडे अर्धंच बोलले. ती किती उरली आहे हे मला एकदा माझ्या हातांनी कळायला हवं होतं. मी तिचे खांदे मोजले. डावा, मग उजवा. हात मोजले. पाठ मोजली. टेपने जे सांगायचं ते सांगितलं, आणि मी टेप खाली ठेवली. तिचं डावं-उजवं तंतोतंत एक होतं.

ती हात लांब धरूनच उभी राहिली. खाली घे म्हणायला मी विसरले होते.

“मी कोट घालून बघतो, काकू,” शत्रू म्हणाला. तिचा हात धरून तो तिला घेऊन पडद्याआड गेला. मी ‘नको’ म्हणू शकले नाही. बसमधलं तिचं तोंड डोळ्यांपुढे होतं.

मी मशीनशी बसले. पडद्याआड कापडाची सळसळ झाली, हँगर वाजलं. आणि मग भांडण सुरू झालं.

“माझं भाषण होतं ते! तू उचललंस!” लवंगीचा आवाज. तोच, चिरका, एका दमात बोलणारा.

“तू दिलंस.” त्याचा, सपाट.

“कधी दिलं? तू बघत बसायचास माझ्याकडे! कपाळावर डबा खाल्लास तरी अक्कल आली नाही तुला!”

“तुला आवडायचं मी बघितलेलं.”

“हो, आवडायचं! म्हणून काय सगळं न्यायचं?”

मला रडू फुटलं. आनंदाने हो. माझी पोर भांडत होती. मी उठले, खुर्ची पडली, मी पडदा बाजूला ओढला.

लवंगी भिंतीकडे तोंड करून उभी होती. हात अजून लांब धरलेले. भिंतीवरच्या छोट्या आरशात तिचा चेहरा दिसत होता, आणि ओठ मिटलेले होते.

शत्रू कोट घालून माझ्याकडे पाठ करून उभा होता. मान खाली, एकटाच, पुटपुटत. मला बघून तो वळला. डोळ्यांत पाणी होतं. तो रडताना खालचा ओठ दाताखाली धरत होता, आणि तसा ओठ धरणारं माणूस मी जन्माला घातलंय.

“आई,” तो म्हणाला. “मला घरी यायचंय गं.”

मी पुढे झाले. मी त्याच्या गालाला हात लावला. गाल गरम होता, मुलीच्या गालासारखा.

मग त्याने ओठ सोडला, डोळे पुसले, आणि बातम्या वाचल्यासारखा म्हणाला, “काकू, डाव्या खांद्याला जरा चुणी पडतेय.”

मी टाचणी घेतली. डाव्या खांद्याची शिलाई उसवली आणि आतून घडी घातली. कोट सरळ बसला.

“तुमच्या मनात हे लग्न नसेल तर सांगा,” आरशात बघत तो म्हणाला. “मी आजच जातो. परत येणार नाही.”

भिंतीशी लवंगी तशीच उभी होती. मी तिच्याकडे बघितलं. मग त्याच्याकडे बघितलं. देवाने कुणावर अशी निवड करायची पाळी आणू नये.

“जाऊ नकोस,” मी म्हटलं. “बदली नको घेऊ. इथेच राहा. माझ्याजवळ राहा. मी मागची खोली रिकामी करून देते. तू म्हणशील ते करते, बाळा, पण जाऊ नकोस.”

त्याने थोडा विचार केला. “बरं,” तो म्हणाला. आणि नाकातून फुर्र असं हसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नोंदणी कार्यालयात लग्न झालं. मी साक्षीदार म्हणून सही केली आणि त्याचा हात धरून त्याला घरी घेऊन आले. मुलगी मागून चालत आली.